स्टो (सेटिंगच्या फाइलींच्या लिंक होममध्ये टाकणारा प्रोग्राम): .बॅशआरसी (बॅश या कमांड शेलची सेटिंग फाइल) आधीच आहे म्हणून लिंक होत नाही

प्रश्न: होम डिरेक्टरीत माझा 'डॉटफाइल्स' रेपो (सेटिंगच्या फाइलींचं, गिटने बदल नोंदवलेलं फोल्डर) क्लोन केलाय, म्हणजे त्याची प्रत उतरवलीय. आत जाऊन 'स्टो बॅश' दिलं की कॉन्फ्लिक्ट येतो. जुनी .बॅशआरसी उडवू का?

उत्तर १: उडवू नका, नाव बदलून बाजूला ठेवा. स्टो खऱ्या फाइलवर लिंक टाकतच नाही, आणि ते बरंच आहे. आधी 'स्टो -एन -व्ही बॅश' चालवा. काय होणार ते फक्त दाखवतं, करत काही नाही.

उत्तर २: '--अडॉप्ट'सुद्धा आहे, पण जपून. तो मशीनवरची फाइल रेपोत हलवतो, म्हणजे रेपोतली प्रत जाते. म्हणून आधी कमिट (रेपोतली प्रत गिटमध्ये नोंदवा), मग अडॉप्ट, मग फरक बघायला 'गिट डिफ'. रेपोतलीच हवी असेल तर 'गिट रिस्टोर'ने नोंदवलेली प्रत परत आणा.

उत्तर ३: खरी गोम .कॉन्फिगची, म्हणजे अनेक प्रोग्राम आपली सेटिंग ठेवतात त्या फोल्डरची. ते फोल्डर आधी नसेल तर स्टो अख्ख्या फोल्डरचीच लिंक करतो आणि बाकी प्रोग्रामांचा कचरा रेपोत साठतो. '--नो-फोल्डिंग' द्या, म्हणजे फोल्डर खरं राहतं आणि लिंक फक्त फाइलींच्या होतात. एसएसएचची (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिनची) प्रायव्हेट की मात्र रेपोत नकोच, खाजगी रेपोतही. शिवाय फाइलच्या परवानग्यांपैकी गिट फक्त एक्झिक्युटेबल बिट (फाइल चालवता येते की नाही) जपतं. क्लोननंतर ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येतं) चं साधारण ६४४ (इतरांनाही वाचता येतं) होतं आणि एसएसएच ती की नाकारतं.