स्वस्त टॅब्लेट घरच्या रोजच्या वापरासाठी परवडतो का?

मूळ मांडणी : ओसरी

दहा ते पंधरा हजार रुपयांत मिळणारा टॅब्लेट घ्यावा की नाही, या प्रश्नावर बहुतेक घरांत दोन तट पडतात. एकाचे म्हणणे असते की फोन आहे, लॅपटॉप आहे, मग तिसरे यंत्र सांभाळायचे कशाला. दुसऱ्याला वाटते की एवढ्या पैशांत आजी-आजोबांपासून मुलांपर्यंत सगळ्यांची सोय होते. मी टॅब्लेटच्या बाजूचा आहे. मात्र तो वाचणे, पाहणे आणि व्हिडिओवर बोलणे एवढ्याच कामांसाठी घ्यावा, संगणकाला पर्याय म्हणून नव्हे, हे मी आधीच स्पष्ट करतो.

स्वस्त टॅब्लेटविषयीचा आपला संशय जुना आहे आणि तो अकारण नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ टॅब्लेट आणला, तेव्हा सरकारला तो २,२७६ रुपयांना पडत होता. त्याचा सात इंची पडदा स्पर्शाने नव्हे, तर दाब दिल्यावर चालत असे आणि रॅम, म्हणजे चालू कामांसाठीची तात्पुरती स्मृती, अवघी २५६ एमबी होती. पुढच्या वर्षी आयआयटी मुंबईच्या सहभागातून आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत स्पर्शाने चालणारा पडदा आणि दुप्पट रॅम मिळाली, पण ‘स्वस्त टॅब्लेट म्हणजे खेळणे’ हा समज तोवर पक्का झाला होता. त्या मापाने आजच्या यंत्रांची पारख करणे अन्यायाचे आहे. एप्रिल २०२४ मध्ये भारतात आलेल्या रेडमी पॅड एसईची सुरुवातीची किंमत १२,९९९ रुपये होती आणि तेवढ्यात ११ इंची, १९२० बाय १२०० बिंदूंचा पडदा मिळत होता.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो वाचनाचा मुद्दा, कारण मराठीतले कितीतरी साहित्य आजही पीडीएफच्याच रूपात मिळते. बालभारतीची पाठ्यपुस्तके, शासन निर्णय, दिवाळी अंकांच्या डिजिटल प्रती, जुन्या ग्रंथांची स्कॅन केलेली पाने, या सगळ्यांत अक्षरांचा आकार पानाला बांधलेला असतो. फोनच्या रुंदीप्रमाणे ओळी नव्याने जुळत नाहीत. ए-४ आकाराचे पान ८.२७ इंच रुंद असते. ६.६ इंची फोन उभा धरला, तर त्याची रुंदी जेमतेम पावणेतीन इंच भरते, म्हणजे पान एक-तृतीयांश होते आणि १२ पॉइंटचे अक्षर ४ पॉइंटचे दिसते. ११ इंची टॅब्लेटवर तेच पान सुमारे सत्तर टक्के आकारात बसते आणि अक्षर साडेआठ पॉइंटच्या आसपास राहते. ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांतला फरक, अनुस्वार, रफार, पायमोडका हलन्त, हे सगळे साडेआठ पॉइंटला नीट वाचता येते. चार पॉइंटला डोळे ताणावे लागतात किंवा प्रत्येक ओळ बोटांनी मोठी करून डावीउजवीकडे सरकवावी लागते. रोज तासभर वाचणाऱ्या माणसासाठी हा फरक बारा हजार रुपयांहून मोलाचा आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

प्रतिसाद : घाटमाथा

वाचनाविषयीचा आपला हिशेब मला मान्य आहे, परंतु वस्तू परवडते की नाही हे ती किती वर्षे नीट चालते यावर ठरते, आणि तिथे स्वस्त टॅब्लेट उणा पडतो. बारा हजारांचा टॅब्लेट पाच वर्षे चालला, तर वर्षाला २,४०० रुपये पडतात. तिसऱ्या वर्षाअखेर तो वापरण्यासारखा उरला नाही, तर वर्षाचा खर्च ४,००० रुपये होतो. पस्तीस हजारांच्या आसपासचा आयपॅड सात वर्षे चालला, तर वर्षाला पाच हजार पडतात. म्हणजे अंतर दिसते तेवढे मोठे नाही, आणि महाग यंत्राची त्या सात वर्षांतली बहुतेक वर्षे समाधानाची असतात.

टॅब्लेट मंदावतो कशामुळे, तेही सांगतो. या किमतीत साठवणुकीसाठी बहुधा ईएमएमसी प्रकारची चिप असते. एका वेळी मोठी फाइल वाचायची असेल, तर ती ठीक चालते. पण एकाच वेळी अनेक बारीकसारीक नोंदी लिहायच्या असतील, तर ती अडखळते, आणि अॅप अद्ययावत होताना नेमके हेच घडत असते. ६४ जीबीतली बरीच जागा अँड्रॉइड आणि आधीपासून भरलेली अॅपे घेतात. उरलेली जागा भरत आली, की वेग आणखी घटतो. त्यात भर म्हणून विक्रेते ‘१२ जीबी रॅम’ असे ठळक छापतात आणि खाली बारीक अक्षरांत ‘४ + ८’ लिहितात. त्यातले आठ जीबी म्हणजे रॅम नव्हेच, त्याच संथ साठवणुकीतली बाजूला काढलेली जागा असते. ही ग्राहकाची दिशाभूल आहे, असे मी स्पष्टपणे म्हणतो.

सुरक्षा-सुधारणांचा (सिक्युरिटी अपडेटचा) प्रश्न तर याहून गंभीर आहे. अनेक लहान कंपन्या विक्रीनंतर एकही सुधारणा पाठवत नाहीत, आणि अशा यंत्रावर घरातली ज्येष्ठ माणसे ईमेल उघडतात, कागदपत्रे ठेवतात. पंधरा-वीस हजारांतच पैसे घालायचे असतील, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कार्यालयीन वापरातला जुना लॅपटॉप पाहावा. त्यात रॅम वाढवता येते, एसएसडी, म्हणजे वेगवान साठवणूक, बदलता येते आणि कळफलकही मिळतो.

प्रतिसाद : सांजवाचन

घाटमाथा, जुना लॅपटॉप आजोबांनी आरामखुर्चीत बसून धरायचा कसा, याचा विचार आपल्या उत्तरात नाही. आमच्या घरी सासूबाई टॅब्लेटवर वर्तमानपत्र वाचतात, संध्याकाळी कीर्तन ऐकतात आणि परदेशातल्या नातवाशी बोलतात. अक्षर मोठे, आवाज पुरेसा आणि चार्जिंगची घाई नाही, एवढेच त्यांना हवे असते. कोणत्या प्रकारची साठवणूक आहे, याने त्यांच्या दिवसात काही फरक पडत नाही. शिवाय व्हॉट्सअॅप आता त्याच क्रमांकाने टॅब्लेटवरही जोडता येते, त्यामुळे फोन हातातच हवा असे राहिलेले नाही. ज्यांचे काम ठरलेले आहे, त्यांना जास्त पैसे खर्च करायला सांगणे मला पटत नाही.

प्रतिसाद : पाटीपेन्सिल

मी शिक्षिका आहे, त्यामुळे विद्यार्थ्यांपुरतेच बोलते. आपल्या राज्यात टॅब्लेट आणि शिक्षण यांची सांगड अनेकदा घातली गेली आहे. मुंबई महानगरपालिकेने २०१५ साली आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले. दप्तराचे ओझे कमी व्हावे, हा त्यामागचा हेतू होता. नागपूरची महाज्योती ही संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी टॅब आणि इंटरनेट डेटा देते. ज्या मुलाच्या घरी एकच फोन आहे आणि तो वडील कामावर घेऊन जातात, त्या मुलासाठी असा टॅब किती मोठा आधार आहे, हे वर्गात रोज दिसते. म्हणून स्वस्त टॅब्लेट निरुपयोगी आहे, असे मी कधीच म्हणणार नाही.

तरीही पालक स्वतःच्या पैशांनी टॅब्लेट घ्यायला निघतात, तेव्हा मी त्यांना थांबवते, कारण अभ्यास म्हणजे व्याख्याने पाहणे एवढाच अर्थ त्यांनी गृहीत धरलेला असतो. अकरावी-बारावीचे विद्यार्थी खरे शिकतात ते गणिते सोडवताना, आकृत्या काढताना, उत्तरे लिहिताना. या किमतीतल्या बहुतेक टॅब्लेटवर खऱ्या अर्थाने चालणारी लेखणी नसते. बाजारात शे-दोनशे रुपयांना मिळणारी रबरी टोकाची लेखणी म्हणजे जाड बोटच असते, आणि तिने बेन्झिनचे वलय काढताना मुलांची दमछाक होते. मग सगळे लिखाण वहीतच होते आणि टॅब्लेट उरतो तो केवळ पाहण्यापुरता. तेवढ्यासाठी घरातला फोन आणि चांगले छापील संदर्भपुस्तक पुरते. महाविद्यालयात गेल्यावर प्रकल्प लिहायचे असतात, तक्ते करायचे असतात, प्रोग्रॅमिंग शिकायचे असते, आणि त्या वेळी लॅपटॉप घ्यावाच लागतो. दोनदा खर्च करण्यापेक्षा दोन वर्षे थांबणे बरे.

प्रतिसाद : ओसरी

पाटीपेन्सिल ताई, लेखणीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. ‘संगणकाला पर्याय नव्हे’ असे मी लिहिले, त्यामागे हेच कारण होते. मात्र ‘घरातला फोन पुरतो’ हे मला पटत नाही. तासाभराच्या व्याख्यानात फळ्यावरचे समीकरण सहा इंची पडद्यावर वाचायचे आणि मध्येच कुणाचा फोन आला की ते थांबवायचे, हा त्रास मुलांनी का सोसावा?

घाटमाथा, संथपणाचे आपण केलेले विश्लेषण बरोबर आहे, पण ते सगळ्याच स्वस्त टॅब्लेटना सारखे लागू होत नाही. प्रोसेसरमध्ये कोणते गाभे (कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, ते पाहावे. २०२१ च्या गॅलेक्सी टॅब ए७ लाइटमध्ये आठही गाभे कॉर्टेक्स-ए५३ प्रकारचे होते आणि ती रचना एआरएम या चिपरचनाकार कंपनीने २०१२ मध्येच जाहीर केलेली होती; सोबतीला रॅम ३ जीबी. २०२३ च्या गॅलेक्सी टॅब ए९ मधल्या हेलिओ जी९९ प्रोसेसरमध्ये दोन गाभे ए७६ प्रकारचे आहेत आणि ती रचना २०१८ ची आहे. अॅप उघडणे, पान सरकवणे ही कामे प्रामुख्याने या एक-दोन वेगवान गाभ्यांच्या जोरावर होतात, म्हणून कागदावर दोन्ही ‘आठ गाभ्यांचे’ असूनही हातात घेतल्यावर फरक लगेच जाणवतो. माझ्या मते खरी रॅम ४ जीबीहून कमी असेल किंवा सगळे गाभे ए५३ असतील, तर तो टॅब्लेट आठ हजारांतही महाग आहे.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. नेटफ्लिक्ससारख्या सेवा एचडी चित्रासाठी वाइडवाइन या नक्कल रोखणाऱ्या सुरक्षा-व्यवस्थेचा एल१ हा दर्जा मागतात. टॅब्लेटला केवळ एल३ दर्जा असेल, तर पडदा कितीही उत्तम असला तरी चित्र ४८० ओळींपुढे जात नाही. चित्रपट पाहण्यासाठी टॅब्लेट घेणाऱ्यांनी हे खरेदीआधी तपासलेच पाहिजे.

प्रतिसाद : घाटमाथा

रॅम, गाभे, वाइडवाइन, खरी रॅम आणि आभासी रॅम: एवढे सगळे तपासूनच जर चांगला टॅब्लेट हाती लागणार असेल, तर सामान्य ग्राहकासाठी तो परवडणारा आहे असे कसे म्हणता येईल? सांजवाचन यांच्या सासूबाईंसाठी टॅब्लेट घेणारा मुलगा जाणकार असेल; शेजारच्या आजींना तर विक्रेता देईल तेच घ्यावे लागते. महाग यंत्रात निवड चुकली, तरी ते निदान वापरण्याजोगे राहते. स्वस्त वस्तूत चुकीला जागाच नसते.

रोजचा वापर म्हणताना व्यवहारही धरले पाहिजेत. यूपीआयची नोंदणी सिमकार्डावरून जाणाऱ्या एसएमएसने होते, त्यामुळे केवळ वाय-फायवर चालणाऱ्या टॅब्लेटवर ती होत नाही. सिमची सोय असलेले मॉडेल घ्यायचे, तर किंमत आणखी वाढते.

प्रतिसाद : टाकाचे काम

मी दुरुस्तीच्या व्यवसायात आहे, म्हणून दोन्ही बाजूंच्या हिशेबात राहून गेलेला खर्च सांगतो. टॅब्लेट टाकाऊ होतो, तेव्हा त्याचे कारण बऱ्याचदा प्रोसेसर नसून फुटलेला पडदा, सैल झालेले चार्जिंगचे पिन किंवा उतरलेली बॅटरी हे असते. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता साधारण पाचशे पूर्ण आवर्तनांनंतर (पूर्ण भरून पूर्ण वापरली, की एक आवर्तन) ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. फोन रोज चार्ज होतो, घरातला टॅब्लेट बहुधा दोन-तीन दिवसांनी, त्यामुळे त्याची बॅटरी फोनपेक्षा जास्त वर्षे टिकायला हवी. ती टिकत नाही, कारण लोक तो दिवसरात्र चार्जरला लावून उन्हाच्या खिडकीत किंवा उशीखाली ठेवतात, आणि उष्णतेने बॅटरी फुगते.

पिन बदलणे स्वस्त काम आहे. पडदा मात्र काचेसह चिकटवलेला असतो, आणि खपाच्या मॉडेलचा नसेल तर सुटा मिळतच नाही. अनोळखी कंपनीचा टॅब्लेट घेऊन येणाऱ्या ग्राहकाला मला बहुतेक वेळा नकारच द्यावा लागतो. म्हणून खरेदीपूर्वी कंपनीच्या सेवा केंद्रात दूरध्वनी करून त्याच मॉडेलच्या पडद्याची किंमत विचारावी. उत्तरच मिळाले नाही, तर तो टॅब्लेट घेऊ नये. किंमत टॅब्लेटच्या निम्म्याहून जास्त सांगितली, तर पहिल्याच दिवशी जाड कडांचे कव्हर आणि काच लावून घ्यावी आणि तो खर्च मूळ किमतीत धरावा.

प्रतिसाद : घाटमाथा

टाकाचे काम, ही माहिती महत्त्वाची आहे. पण कव्हर, काच आणि सिमची सोय धरली की बारा हजारांचे पंधरा हजार होतात, आणि त्या पैशांत जुना लॅपटॉप येतो. माझे मत कायम आहे.

प्रतिसाद : सांजवाचन

आणि सासूबाईंच्या हातात तो लॅपटॉप अजूनही जड आहे. आमच्या गावात नामांकित कंपनीच्या सेवा केंद्राने पडद्याची किंमत दूरध्वनीवरच सांगितली होती. ती टॅब्लेटच्या निम्म्याहून कमी होती, म्हणूनच आम्ही ते मॉडेल घेतले. घाटमाथांनी यूपीआयचा प्रश्न काढला, तर त्याचेही उत्तर देते: पैशांचे व्यवहार त्या टॅब्लेटवर होऊच नयेत, म्हणून आम्ही मुद्दाम सिमशिवायचा घेतला.