सल्ला हवा: सर्व्हो लूपचं ओव्हरशूट गणितात २५ टक्के, स्कोपवर ५३

लूपवाला
डीसी मोटरच्या पोझिशन कंट्रोलचा स्टेप रिस्पॉन्स (अचानक नवी जागा सांगितल्यावरची हालचाल) हाताने काढतोय. ओपन लूप २५ / [एस(एस + ४)] (एस म्हणजे लाप्लास चल), युनिटी फीडबॅक. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर १० किलोओहमचा पॉट (जागा मोजणारा पोटेन्शिओमीटर) आहे. सिग्नल खरखरतो म्हणून पॉटनंतर १०० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडचा आरसी फिल्टर, पुढे बफर. बफरच्या पिनवर प्रोब लावला तर शिखर ०.८ सेकंदाच्या जरा आधी आणि ओव्हरशूट (अंतिम मूल्याच्या पुढे जाणं) ५३ टक्के दिसतं. सूत्राने २५ टक्के येतंय. शिवाय हेच मॉडेल सॉफ्टवेअरमध्ये घातलं की राइज टाइम (वर चढायला लागणारा वेळ) ०.२९ सेकंद येतो, माझा ०.४३. नेमकी कोणती पद्धत धरून चालावं?

झीटा_पाव
तुमचं हातचं गणित बरोबरच असणार, तरी एकदा ताडून घ्या. लूप बंद केल्यावर छेदात एस² + ४एस + २५ उरतं. ओमेगा-एन (नैसर्गिक वारंवारता) ५, झीटा (दोलनं किती दाबली जातात ते) ४ / (२ × ५) = ०.४, ओमेगा-डी (प्रत्यक्ष दोलनाची वारंवारता) = ५ × √(१ − ०.१६) = ४.५८. शिखर ३.१४१६ / ४.५८ = ०.६९ सेकंदाला. ओव्हरशूटसाठी घातांक −३.१४१६ × ०.४ / ०.९१७ = −१.३७, म्हणजे २५.४ टक्के.

राइज टाइमचा घोळ व्याख्येचा आहे. तुम्ही ० ते १०० टक्के मोजताय: (३.१४१६ − १.१५९) / ४.५८ = ०.४३. मॅटलॅबचं स्टेप-इन्फो सांगितल्याशिवाय १० ते ९० टक्केच मोजतं, तिथे ०.२९ यायलाच हवं. दोन्ही खरे. रिपोर्टात मात्र कोणता ते लिहा. आणि कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवा. १.१५९ च्या जागी ६६.४ अंश घातले तर राइज टाइम चक्क ऋण येतो.

आरसी_शोधक
ओव्हरशूटचा चोर फिल्टर आहे. १०० किलोओहम गुणिले १ मायक्रोफॅरड म्हणजे ०.१ सेकंद, पोल (छेदाचं मूळ) −१० वर. मूळ पोलांचा वास्तव भाग −२. "पाचपट लांब आहे, सोडून द्या" हा नियम बंद लूपच्या पोलांसाठी आहे. लूपच्या आत बसलेल्या फिल्टरला तो लावू नका, कारण तो फिल्टर उरलेल्या पोलांनाच हलवतो. इथे फेज मार्जिन (लूप अस्थिर होण्यापासून किती दूर ते) ४३ अंशांवरून २२ वर येतं.

गणित करूनच बघा. फिल्टर धरून छेद होतो एस³ + १४एस² + ४०एस + २५०. एक मूळ −१२.४. त्याने भागलं की एस² + १.६एस + २०.१६ उरतं. ओमेगा-एन ४.४९, झीटा फक्त ०.१८. बफरच्या पिनवर ५३ टक्के आणि शिखर ०.७९ सेकंदाला, हे याच्याशी नीट जुळतं. खुद्द शाफ्ट त्याहून जास्त, ५९ टक्क्यांच्या आसपास पुढे जातोय, तुम्हाला तो फिल्टरमागून दिसतो एवढंच. प्रोब पॉटच्या मधल्या टोकावर लावून खात्री करा.

उपाय सोपा: १०० ऐवजी १० किलोओहम. पोल −१०० वर जातो, झीटा ०.३७, ओव्हरशूट २८ टक्के. कटऑफ १६ हर्ट्झ राहतो, म्हणजे ५० हर्ट्झची गुणगुण तिपटीहून कमी होते आणि ब्रशची खरखर तर बरीच खाली जाते.

झीटा_पाव
आरसी_शोधक यांना +१. तो पोल माझ्या उत्तरात धरलेला नव्हता.

घर्षणमापक
रेझिस्टर बदलण्याआधी सिस्टीम रेषीय आहे ना ते बघा. स्टेप निम्मी करा, मग दुप्पट. ओव्हरशूटचे टक्के आणि शिखराची वेळ तीच राहिली तर सूत्रं लागू. मोठ्या स्टेपला राइज टाइम वाढत असेल तर ड्रायव्हर पुरवठ्याच्या व्होल्टेजला जाऊन अडतोय. छोट्या स्टेपला ओव्हरशूट घटत असेल आणि शाफ्ट थोडा अलीकडेच थांबत असेल तर कोरडं घर्षण.

कागदावर झीटा काढताना सगळी अंतरं अंतिम मूल्यापासून मोजा, शून्यापासून नव्हे. समजा अंतिम मूल्य ३.२० व्होल्ट, पहिलं शिखर ४.०१, नंतरची दरी २.९९. शिखर ०.८१ ने वर, दरी ०.२१ ने खाली. ०.८१ / ३.२० = ०.२५३, ०.२१ / ०.८१ = ०.२६. दोन्ही गुणोत्तरं जवळपास सारखी, म्हणजे क्षय घातांकी आहे आणि झीटा ०.४ धरायला हरकत नाही. अंतरं दर वेळी सारख्याच प्रमाणात न घटता सारख्याच व्होल्टने घटत असतील तर तो झीटा कुठेही वापरू नका, प्रत्येक स्टेपला वेगळा येईल.

लूपवाला
स्टेप निम्मी-दुप्पट करून पाहिली, टक्के तेच. १० किलोओहम लावला, ओव्हरशूट २९ च्या आसपास आलं. २८ का नाही? आणि सेटलिंग टाइमला (स्थिरावायच्या वेळेला) ४ / (झीटा × ओमेगा-एन) पुरेसं आहे का?

आरसी_शोधक
पॉट मध्यावर असताना त्याचा स्वतःचा रोध २.५ किलोओहम, तो फिल्टरच्या रेझिस्टरला जोडून धरा. कालांक १० ऐवजी १२.५ मिलिसेकंद, ओव्हरशूट २९. १०० किलोओहम असताना हा फरक दिसत नव्हता.

झीटा_पाव
४ / (झीटा × ओमेगा-एन) ही आवरणाची (दोलनांच्या टोकांवरून जाणाऱ्या घातांकी रेषेची) वेळ. मूळ मॉडेलला ती २ सेकंद येते, पण वक्र स्वतः २ टक्क्यांच्या पट्ट्यात १.६८ सेकंदालाच शिरतो आणि परत बाहेर पडत नाही. तिसरं टोक १.६ टक्केच आहे ना. डिझाइनला सूत्र ठेवा, मोजमापाशी ताडायला वक्रच काढा.

लूपवाला
समजलं. आता ओव्हरशूट ५ टक्क्यांच्या आत आणायचं आहे, पण गेन कमी न करता.

घर्षणमापक
टॅको (शाफ्टचा वेग मोजणारा जनरेटर) फीडबॅक द्या. झीटा ०.७ साठी एस चा गुणक ७ हवा, म्हणजे ४ + २५ × केटी = ७, केटी (टॅकोचा गेन) ०.१२. ओव्हरशूट ४.६ टक्के. तुमच्या फिल्टरमुळे थोडं वर जाईल, म्हणून प्रीसेट (टॅकोचं प्रमाण ठरवणारा छोटा पॉट) जरासा वाढवायला जागा ठेवा. डेरिव्हेटिव्ह एररवर घेऊ नका. पोल तेच राहतात पण अंशात झीरो (अंशाचं मूळ) येतो, आणि शिखर लवकर आणि उंच येतं.

प्रीसेट लावायची रीत: लूप उघडून मोटर स्थिर वेगाने फिरवा, स्कोपवर पॉटचा उतार सेकंदाला १ व्होल्ट येईल असा वेग ठेवा, आणि समिंग पॉइंटला टॅकोचा सिग्नल ०.१२ व्होल्ट करा. लूप बंद केल्यावर शाफ्ट आधीपेक्षा जास्त डोलायला लागला तर टॅकोच्या दोन तारा उलट्या लागल्या आहेत. तेव्हा झीटा ०.१ होतो आणि ओव्हरशूट ७० च्या वर जातं. तारा अदलाबदल करा, प्रीसेटला हात लावू नका.