मदत हवी आहे: व्हाइस सिटीतल्या ओशन व्ह्यू हॉटेलात गेम सेव्ह होत नाही

शहापूरवाला:
जीटीए व्हाइस सिटी, २००३ ची पीसी आवृत्ती, विंडोज ११. ओशन व्ह्यू हॉटेलात शिरून गुलाबी कॅसेटवर उभं राहिलं की आठ जागांची यादी येते. कुठलीही निवडली तरी सेव्ह होत नाही. मिशन चालू नसतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून बघितलं, पुन्हा इन्स्टॉलही केलं. काय करावं?

खानापूरकर:
दोन गोष्टी बघून सांगा. रेडिओचा आवाज कमी करा, गेम बंद करून परत चालू करा. आवाज तसाच राहतो काय? आणि सी ड्राइव्हच्या यूजर्समध्ये तुमच्या फोल्डरचं नाव कुठल्या लिपीत आहे?

शहापूरवाला:
आवाज परत पहिल्यासारखा होतो. नाव देवनागरीत आहे.

खानापूरकर:
मग हॉटेलात काही बिघाड नाही. गेम सेव्ह आणि सेटिंग दोन्ही डॉक्युमेंट्समधल्या 'जीटीए व्हाइस सिटी यूजर फाइल्स' या एकाच फोल्डरात लिहितो, म्हणून दोन्ही एकदमच अडलंय. हा जुना प्रोग्रॅम युनिकोडमधला (सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकात लिहायची पद्धत) फोल्डरचा पत्ता वाचत नाही. देवनागरी असो की कन्नड, त्या अक्षरांच्या जागी त्याला प्रश्नचिन्हं दिसतात, आणि विंडोजमध्ये प्रश्नचिन्ह असलेलं फोल्डर बनतच नाही. आपल्याकडे दुकानात विंडोज घालताना खात्याचं नाव मराठीत नाहीतर कन्नडमध्ये टाकून देतात, तेव्हा हे बऱ्याच जणांना लागू पडेल. ॲडमिनिस्ट्रेटर केल्यानं उपयोग नाही. प्रश्न परवानगीचा नाही, पत्त्याचा आहे.

उपाय: डी ड्राइव्हवर रोमन अक्षरांत डॉक्स नावाचं फोल्डर करा. डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि ते फोल्डर निवडा. जुन्या फाइल्स हलवू काय असं विचारलं तर हो म्हणा. वनड्राइव्ह डॉक्युमेंट्सचा बॅकअप घेत असेल तर तो आधी थांबवा, नाहीतर जागा बदलू देत नाही.

यूजर्समधल्या फोल्डरचं नाव मात्र हातानं बदलू नका, अख्खं खातं बिघडतं. कंट्रोल पॅनेलमध्ये खात्याचं नाव बदललं तरी फोल्डर जुन्याच नावाचं राहतं.

निपाणीचा पाहुणा:
एवढं करून अडलंच तर विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर प्रोटेक्शन उघडा. तिथं कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस चालू असेल तर गेमची ईएक्सई फाइल परवानगीच्या यादीत घाला. चालू असताना तो डॉक्युमेंट्समध्ये अनोळखी प्रोग्रॅमला लिहू देत नाही. अख्खं संरक्षण बंद करू नका.

शहापूरवाला:
लोकेशन बदललं, सेव्ह झालं. फोल्डरात शेवटी एक आकडा असलेली नवी फाइल दिसते. मनापासून आभार, दादा.

खानापूरकर:
तो आकडा म्हणजे जागेचा नंबर. ते अख्खं फोल्डर अधूनमधून पेनड्राइव्हवर उतरवा; सेव्ह चालू असताना लाईट गेली तर फाइल अर्धवट राहू शकते. दर सेव्हला गेममधलं घड्याळ सहा तास पुढं जातं, ठराविक वेळेचं काम असेल तर आधी हिशोब करा. फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती चित्रं दाखवायची याला मर्यादा घालणारं गेममधलं सेटिंग) चालूच ठेवा. बंद केला की गाडी रिव्हर्स घेताना नीट चालत नाही. आणि पुढं आईस्क्रीम फॅक्टरी विकत घेतली तरी तिथं सेव्ह करू नका, जुन्या आवृत्तीत तिथली फाइल खराब होण्याचा दोष आहे. हॉटेलपर्यंत गाडी हाणत या, पण सेव्ह इथंच करा.