मदत हवी आहे: स्टारड्यू व्हॅली आमच्या सासूबाईंना स्वतःच्या हातानं खेळता येईल का? (आणि झारीनं पाणी घालण्याचं काही करा)

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका गावात राहते, घरी कापूस-तूर-सोयाबीनची शेती आहे आणि सध्या मोबाइलवर स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम खेळून राहिले. गेम 2016 चा आहे, मोबाइलवर येऊन पण बरीच वर्षं झाली, म्हणजे इथल्या पुष्कळ जणांचा खेळून झाला असणार म्हणूनच विचारते. एकदा विकत घेतला की परत पैसे मागत नाही, मधेमधे जाहिरात नाही, आणि नेट नसलं तरी चालतो, आमच्याकडे गच्चीवर गेल्याशिवाय रेंज येत नाही त्यामुळे माझ्यासाठी हे सगळ्यात मोठं.

मला तर गेम मनापासून आवडला. एका माणसानं, एरिक बॅरोननं, चित्रं, संगीत, प्रोग्रामिंग सगळं एकट्यानं केलंय आणि ते खेळताना कळतं, कुठे घाई नाही, कुठे उगाच भपका नाही. आजोबांचं पडीक वावर नातवाला मिळतं, दगड-धोंडे, झाडोरा, तण माजलेलं, आणि तिथून सुरुवात. प्रत्येक हंगाम 28 दिवसांचा, असे चार हंगाम. हंगाम पालटला की त्या हंगामाचं पीक एका रात्रीत वाळतं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वाटलं असं कसं, पण विचार केला तर बरोबरच आहे, मृगाचं बियाणं दिवाळीत टाकून कोण काढतं.

आता खरी गोष्ट. रात्री जेवणं झाली की मी ओसरीत खेळत बसते आणि सासूबाई बाजूला सुपात तूर निवडत बसतात. आधी नुसत्या पाहायच्या. मग विचारायला लागल्या. गेममधला माणूस दिवसभर काम करून दमला आणि मी त्याला अजून खाणीत नेत होते तर म्हणाल्या, "त्याले निजू दे ना वं, जेवला का तो?" तेव्हापासून त्यांचं रोजचं लक्ष असतं. गेममध्ये घरात टीव्ही असतो, त्यावर उद्याचं हवामान सांगतात, पाऊस असला की पावसाचं चित्र येतं. आता मी गेम उघडला की आईंचा पहिला प्रश्न, "उद्या पानी हाय का?" त्यांना इंग्रजी येत नाही, मराठीपण अडखळत वाचतात, पण ते ढगाचं चित्र त्यांना माझ्याआधी दिसतं. कोंबड्या घेतल्या त्या दिवशी तर त्यांनी सूप बाजूला ठेवून मोबाइल हातात घेऊन पाह्यला. कोंबडीवर बोट ठेवलं की तिच्या डोक्यावर बदाम येतो, ते त्यांना फार आवडलं. फक्त एक तक्रार आहे त्यांची की एवढ्या मोठ्या वावरात बैल काहून नाही. गाय आहे, बकरी आहे, मेंढी, डुक्कर, घोडा सगळं आहे, बैल नाही. पोळा कसा करतात मग हे लोक, हे त्यांनी मला खरंच विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर मला असं पाहिजे की त्यांनी नुसतं पाहू नये, स्वतः खेळावं. आयुष्यभर त्यांनी वावरात काम केलंय, कोणत्या पिकाला केव्हा काय लागतं हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त समजतं. अडचण अशी की गेमला हिंदी नाही आणि मराठी तर नाहीच, गावातला प्रत्येक माणूस इंग्रजीत बोलतो, कामं इंग्रजीत लिहून येतात. दरवेळी मी वाचून सांगते, पण मग खेळ माझाच राहतो, त्यांचा होत नाही. वाचायला कमीत कमी लागेल अशी काही पद्धत आहे का? कोणी आपल्या आईला, आजीला असा गेम शिकवला असेल तर नक्की सांगा, कुठून सुरुवात केली ते.

दुसरं म्हणजे पाणी. सुरुवातीला अंगात 270 एनर्जी असते आणि झारीच्या प्रत्येक वेळेला 2 जाते. पीक वाढवलं की सकाळची अर्धी ताकद पाण्यातच संपते, मग ना लाकडं होतात ना खाण. गेममध्ये स्प्रिंकलर आहे हे मला माहीत आहे आणि मला तो कधी एकदा मिळतो असं झालंय. आमच्याकडे रब्बीत हरभऱ्याला स्प्रिंकलरच असतात. थ्री फेज लाइन रात्रीची आली की हे आणि मामंजी बॅटरी घेऊन वावरात जातात, नोझल बंद करून एकेक पाइप सोडवायचा, खांद्यावर घेऊन पुढच्या पट्ट्यात न्यायचा, पाइपात उरलेलं थंड पाणी मानेवरून पाठीत उतरतं, पाय चिखलात, आणि सगळं जोडून होते न होते तोच लाइन जाते. गेममधला स्प्रिंकलर एकदा ठेवला की रोज सकाळी आपोआप पाणी देतो, लाइन लागत नाही, पाइप उचलावा लागत नाही. आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या तो आधी घे, बाकी मागून पाहू. पण त्याला लागणारं लोखंड आणि सोनं कुठे मिळतं, आधी साधा बनवू का सरळ मोठ्यासाठी थांबू? माझा समर, म्हणजे गेममधला उन्हाळा, अर्धा झालाय, ब्लूबेरी आणि मका लावलाय.

तिसरं मासे. मासा पकडताना जी हिरवी पट्टी माशावर धरून ठेवायची असते, ती टच स्क्रीनवर माझ्या बोटाच्या ताब्यात येतच नाही. मासे सोडून दिले तर चालतं का?

बाकी घरात आमच्या ह्यांचं फार्मिंग सिम्युलेटर 20 चालू असतं. त्यात कापूस आहे म्हणून त्यांनी तो घेतला. मी पाह्यलं, मोठं मशीन उभ्या पऱ्हाटीतून जातं आणि मागून कापसाची गठाण टाकतं. मला तो खेळायला तितका धरत नाही, ट्रॅक्टर वळवण्यातच वेळ जातो, पण ज्यांना मशीनची हौस आहे त्यांना छान आहे. आईंनी ते मशीन पाह्यलं तेव्हा बराच वेळ काही बोलल्या नाही, मग मला म्हणाल्या थांबव जरा, आणि परत दाखवायला लावलं. वेचणीला कमरेला ओटी बांधून वाकून वाकून बोंडातून कापूस ओढायचा, बोंडाची वाळली टोकं नखाच्या बाजूला घुसतात, दिवाळीनंतर आमच्या सगळ्यांची बोटं तशी झालेली असतात. त्यांना त्या मशीनमध्ये काय दिसलं असेल ते मी समजू शकते. पण खेळायला त्यांना कोंबड्याच पाहिजेत.

धाकटा दीर बीजीएमआय हा बंदुकांचा गेम खेळतो, त्याबद्दल मला काही विचारायचं नाही.

फोन 4 जीबी रॅमचा आहे. घरी एक जुना लॅपटॉप पण आहे, विंडोज 10 चा. सांगा ना कोणीतरी.

झाडीतला गडी

ताई, पाण्याचं मी सांगतो, मी भंडाऱ्याकडचा, आमच्याकडे धान, त्यामुळे पाण्यावाचून आमचं काही चालतच नाही.

साधा स्प्रिंकलर शेतीची लेव्हल 2 झाली की येतो, तांब्याची एक आणि लोखंडाची एक पट्टी लागते. पण तो फक्त वर-खाली-डावी-उजवी अशा 4 घरांना, म्हणजे जमिनीच्या चौकटींना, पाणी देतो, कोपरे कोरडे राहतात आणि तेवढ्यासाठी परत झारी घेऊन फिरावं लागतं. मी म्हणीन त्याच्यात फार लोखंड घालू नका. क्वालिटी स्प्रिंकलर लेव्हल 6 ला येतो, तो भोवतालच्या 8 ही घरांना देतो, त्याला एक लोखंडाची पट्टी, एक सोन्याची आणि एक रिफाइन्ड क्वार्ट्झ (गारगोटी भट्टीत टाकून होते ते). खाणीत तांबं वरच्या मजल्यांवरच मिळते, लोखंड 40 व्या मजल्याच्या खाली, सोनं 80 व्याच्या खाली. दर 5 मजल्यांना लिफ्ट थांबते, तेव्हा 5 मजले झाले की परत या, जीव ओढून जाऊ नका. तुमची ब्लूबेरी सुरू झाली की दर 4 दिवसांनी तोडा येते, पैसा हातात राहील. आणि मका चांगला लावला, तो समर आणि त्याच्यानंतरचा फॉल दोन्ही हंगामांत उभा राहतो, हंगाम पालटला तरी मरत नाही. फॉल लागला की पहिल्याच दिवशी क्रॅनबेरी घ्या, बियाणं महाग वाटते पण परत परत येते.

तोपर्यंत झारी तांब्याची करून घ्या, लोहाराकडे गेममधले 2000 आणि तांब्याच्या 5 पट्ट्या, मग बोट दाबून धरलं की एका ओळीत 3 घरं भिजतात. झारी त्याच्याकडे दोन दिवस राहते म्हणून सगळे भितात. इथं तुमच्या सासूबाईंचा प्रश्न कामाचा आहे. टीव्हीवर उद्या पाऊस दिसला ना, की आज सकाळी पाणी घालून झारी लगेच लोहाराकडे टाकायची, उद्याचं पाणी देव देते आणि परवा झारी हातात. हे काम त्यांच्याकडेच सोपवा, ढगाचं चित्र पाहून त्यांनी सांगायचं आज झारी द्यायची का नाही.

खामगावची रात्रपाळी

मी नर्स आहे, रात्रपाळीच्या सुट्टीत खेळते, माझ्या आईला मी हाच गेम शिकवलाय म्हणून लिहिते.

पऱ्हाटीताई, तुमच्या चालू खेळात त्यांना बसवू नका, नवीन शेत उघडून द्या. फोनवर 1.6 अपडेट नोव्हेंबर 2024 मध्ये आलंय, आधी ते करून घ्या, गच्चीवर जाऊन का होईना. मग नवीन खेळ सुरू करताना शेताचे प्रकार विचारते त्यात मेडोलँड्स निवडा. त्यात पहिल्या दिवसापासून कोंबड्यांचा खुराडा आणि दोन कोंबड्या असतात, नाहीतर खुराड्यासाठी 4000 आणि लाकूड-दगड जमवत बसावं लागतं. म्हणजे त्यांचं आवडतं काम लगेच हातात. वाचायचं काय, काहीच नाही. सकाळी दार उघडायचं, कोंबडीवर बोट, बदाम, अंडं उचल, विकायच्या पेटीत टाक.

सेटिंगमध्ये कंट्रोल टॅप टू मूव्हवर ठेवा, जॉयस्टिक नको. जिथे बोट ठेवू तिथे माणूस चालत जातो आणि हत्यार पुष्कळदा आपोआप बदलतं, झाडावर बोट ठेवलं तर कुऱ्हाड, दगडावर ठेवलं तर टिकाव, कोरड्या मातीवर झारी. माझ्या आईला जॉयस्टिकनं वैताग आला होता, हे केल्यावर दोन दिवसांत एकटी खेळायला लागली. गावातल्या लोकांशी बोलायची गरजच नाही, बोलले नाही म्हणून कोणी शेत घेऊन जात नाही. पहिल्या वर्षी कोणी काही काम लिहून पाठवलं तरी सोडून द्या. एकच पक्कं शिकवा, रात्री 2 च्या आत घरी येऊन झोपायचं, झोपलं की दिवस सेव्ह होतो. तुमच्याकडे लाइनचा भरवसा नाही, तर बॅटरी संपत आली की आधी झोप, मग बाकी.

मासे: गेममधल्या मासेवाल्या विलीच्या दुकानात 25 रुपयांची, म्हणजे गेममधल्या 25 ची, ट्रेनिंग रॉड मिळते. त्या गळानं हिरवी पट्टी मोठी होते, मासे साधेच लागतात पण हात बसतो. नाही बसला तर सोडून द्या, मासे न पकडता पण शेती जोरात चालते. फक्त गावातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये वस्तू जमा करून जे गठ्ठे पुरे करायचे असतात, त्यातल्या काहींमध्ये मासे लागतात, ते मागून पाहता येईल.

आणि लॅपटॉप आहे तर एक ऐका. कॉम्प्युटरवर 2020 च्या डिसेंबरपासून एकाच स्क्रीनवर दोघांना खेळता येतं, स्क्रीन दोन भागांत होते. गेम परत विकत घ्यावा लागेल आणि दुसऱ्या माणसाला एक कंट्रोलर लागेल, पण गेम हलका आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतो. गेममधल्या सुतारीण रॉबिनकडून शेतात एक केबिन बांधून घ्यायची, ती त्यांची. तुम्ही वाचायचं आणि खाणीत जायचं, त्यांनी जनावरं आणि पीक पाहायचं. पण आधी फोनवर महिनाभर खेळू द्या, कंट्रोलरची बटणं एकदम हातात दिली तर त्या नको म्हणतील.

पऱ्हाटी

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. अपडेट झालं आणि मेडोलँड्स उघडलं. आईंनी एका कोंबडीचं नाव चांदी ठेवायला सांगितलं आणि दुसरीचं बिजली, ते मी टाइप करून दिलं, बाकी सगळं त्यांनी केलं. टॅप टू मूव्ह लगेच जमलं. जास्त जोरात दाबतात म्हणून कधी कधी माणूस भलतीकडे जातो, पण ते होईल. सूप माझ्याकडे आलंय आणि तूर मी निवडून राहिले. झारीचं पण सांगितलं त्यांना, पावसाच्या चित्रावर लक्ष ठेवतात.

आता त्यांचाच एक प्रश्न आहे, मला माहीत नाही म्हणून त्यांनी इथे विचारायला लावलं. आमच्याकडे संध्याकाळी खुराडं लावायचं राहिलं तर मुंगूस नाहीतर रानमांजर एखादी कोंबडी नेतंच. गेममध्ये रात्री काही येतं का? दिवे लागणीच्या वेळेला त्या दार लावायला धावतात आणि चांदी अजून बाहेरच फिरत असते.

खामगावची रात्रपाळी

येतं! बरोबर ओळखलं त्यांनी. दार लावलं आणि कोंबडी बाहेर राहिली तर रात्री जंगली जनावर येऊन नेऊ शकतं. म्हणून त्यांना सांगा धावू नका, संध्याकाळ झाली की कोंबड्या आपल्या आपण आत येतात. खुराड्यात आत जाऊन मोजायच्या, दोन्ही दिसल्या की बाहेर येऊन मग दार लावायचं. आणि पावसाच्या दिवशी त्या बाहेर पडतच नाहीत, आत चारा ठेवावा लागतो, तेव्हा सायलो, म्हणजे चाऱ्याचं कोठार, लवकर बांधून घ्या आणि गवत विळ्यानं कापायचं, कापलेलं आपोआप त्यात जमा होतं. सायलो बांधायच्या आधी कापलं तर वाया जातं.