सीएमएलची बीसीआर-एबीएल टेस्ट जिल्ह्यातच का होऊ नये?

वऱ्हाडी_माणूस :
धाकट्या भावाला सीएमएल आहे, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा एक कॅन्सर. रोज इमॅटिनिब घेतो, शेतावर जातो. पण गोळी लागू पडतेय का, हे सीबीसीवरून, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या मोजणीवरून, पुरतं कळत नाही. पेशी नॉर्मल दिसतात आणि आत आजार गोळीला दाद देईनासा झालेला असू शकतो. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्तातलं बीसीआर-एबीएल, म्हणजे हा आजार घडवणारं बिघडलेलं जनुक, मोजायचं. मागच्या खेपेला जांभळ्या झाकणाची ट्यूब बर्फाच्या पाकिटासोबत डब्यात घालून रात्रीच्या गाडीने मुंबईला पाठवली. चौथ्या दिवशी फोन आला, "ज्यावरून मोजतो तो आरएनए खराब झालाय, पुन्हा पाठवा."

टीबीचं सीबीनॅट मशीन, जंतूंच्या जनुकावरून टीबी ओळखणारं, आमच्या जिल्ह्यात आहे. त्याच मशीनवर बीसीआर-एबीएलचं वेगळं कार्ट्रिज (टेस्टची डबी) चालतं, काही तासांत आकडा मिळतो. कोविडमध्ये याच मशीनवर कोविड तपासला, मग आता अडतंय कुठे? 2013 साली सुप्रीम कोर्टाने ग्लिव्हेकचं, म्हणजे ब्रँडेड इमॅटिनिबचं, पेटंट नाकारलं, स्वस्त गोळीचा रस्ता मोकळा राहिला. टेस्ट मात्र आमच्यासाठी अजून मुंबईतच आहे.

वॉर्ड_सिस्टर :
दादा, तुमची तगमग कळते. तरी सरकारी पैसा आधी इथे जाऊ नये असं माझं मत आहे. बारा वर्षं लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात आहे. एएलएलच्या (हाही रक्ताचा कॅन्सर) पोरांच्या किमोनंतर पांढऱ्या पेशी खाली जातात, रात्री ताप चढतो. अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं, पण गावाहून गाडी मिळून येईपर्यंत पहाट होते. काही आईबाप सोयाबीन काढायला म्हणून घरी नेतात ते परत येतच नाहीत. प्लेटलेटची पिशवी, धर्मशाळेत जागा, एसटीचं भाडं, आधी हे द्या. धोक्याचा अंदाज स्वस्तातही येतो : सात दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, आठव्या दिवशी रक्ताची स्लाइड. ब्लास्ट, म्हणजे कॅन्सरच्या कच्च्या पेशी, मायक्रोलिटरमागे 1000 च्या खाली आले की जीव जरा भांड्यात पडतो.

लॅबवाला :
सिस्टर, ती स्लाइड मीच बघतो. पण पोराला फिलाडेल्फिया क्रोमोसोम, म्हणजे बीसीआर-एबीएल असलेलं गुणसूत्र, आहे का, हे ती सांगत नाही, आणि असला तर किमोसोबत इमॅटिनिब किंवा डॅसॅटिनिब द्यावीच लागते. एपीएल या दुसऱ्या रक्ताच्या कॅन्सरचं उलटं. तिथे रिपोर्टची वाट बघत बसलं तर पेशंट रक्तस्रावाने जातो, म्हणून स्लाइडवर पेशींत ऑर रॉड्सच्या (काडीसारख्या कणांच्या) जुड्या दिसल्या की एट्रा हे औषध त्याच दिवशी सुरू. सगळ्या जनुकीय टेस्ट एकाच मापाने मोजू नका.

दादा, एक लक्षात घ्या. सीएमएलचं कार्ट्रिज बीसीआर-एबीएलचा पी210 हा प्रकार मोजतं. फिलाडेल्फियावाल्या लहान मुलांत बहुधा पी190 हा प्रकार असतो, तो त्यात सापडत नाही. पहिलं निदान मोठ्या लॅबमध्येच करा, नंतरची मोजणी जिल्ह्यात व्हावी.

वॉर्ड_सिस्टर :
मोजणीपुरतं पटतं. पण टीबीवाल्यांचीच रांग असते त्या मशीनवर. आणि कार्ट्रिजचे पैसे पोरांच्या धर्मशाळेतून काढणार असाल तर माझा विरोध कायम.

वऱ्हाडी_माणूस :
धर्मशाळेला हात लावा असं कुणीच म्हणत नाही, ताई. आठवड्यातली एक दुपार आणि मशीनचा एक कप्पा मागतोय. बाराव्या महिन्यात आकडा 0.1 टक्क्यापर्यंत उतरायला हवा. भावाचा सहाव्या महिन्याचा आकडा त्या खराब ट्यूबमध्ये गेला, आता नववा चालू आहे.