तुमच्या बालवाडीच्या ताई आधी काय करायच्या?

रानजाई
परवा सोलापूरला मावशीच्या निरोपाला गेले होते. ६५ पूर्ण झाली, अंगणवाडीतून निवृत्त. शाल, श्रीफळ, फोटो सगळं झालं. मग नवीन लागलेली एक सेविका मावशीला म्हणाली, "ताई, तुमचा कुठला कोर्स झालेला? पोरं तुमचं इतकं ऐकतात." मावशी म्हणाली, "मी विड्या वळत होते गं." सगळे हसले. पण ती गंमत करत नव्हती, खरं तेच सांगत होती.

१९८५ ला ती मदतनीस म्हणून लागली. त्याआधी लग्नापासून विड्याच. मांडीत सूप, पानावर पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीने कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, टोक दुमडायचं. दिवसाला हजार. लहानपणी मी तिच्या शेजारी बसून बघायचे. हातातल्या पानाकडे तिचं लक्षच नसायचं, बोलणं आमच्याशी चालू आणि बोटं आपलं काम करतायत. पुढे अंगणवाडीत पुठ्ठ्याचा मासा, पान, चांदणी कापायची तेव्हा पेन्सिलीची रेघ कधी मारली नाही. कात्री आणि पुठ्ठा, बस. तिच्या वस्तीत निम्मी घरं तेलुगू बोलणारी. मूल दारात रडत उभं राहिलं की ती "इटु रा, इटु रा" म्हणत बसल्या जागेवरून हात पुढे करायची. हे तेलुगू तिला विडी कारखान्यातल्या बायकांकडून आलेलं. म्हणजे तो कोर्स तिचा विड्यांच्या सुपाशीच झाला होता, असं मला परवा तिथे बसल्या बसल्या वाटलं आणि डोळे भरून आले. मध्ये १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी काढली आणि सेविका झाली. तेव्हा माझी मावसबहीण आठवीत होती, दोघी एकाच दिव्याखाली बसायच्या.

तुम्हाला शिकवणाऱ्या, तुमच्या मुलांना सांभाळणाऱ्या ताई (आणि दादा) आधी काय करायचे? किंवा तुम्हीच या कामात असाल तर कुठून आलात? लिहा प्लीज. मावशीला वाचून दाखवणार आहे.

मीठभाकर
मावशींना नमस्कार सांग. आता सेविकेला बारावी लागते, मदतनिसालाही. नियम बरोबरच आहे, पण तेव्हा असता तर तुझी मावशी आत आलीच नसती.

कोपऱ्यातलंघर
आमच्या आजीचं सांगते. तिने डहाणूजवळच्या कोसबाडला बालवाडीचं प्रशिक्षण घेतलं होतं, अनुताई वाघ असताना. अनुताई स्वतः बालविधवा. पुण्याला हुजूरपागेत शिकवत होत्या, तिथून १९४५ ला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या. मग १९५७ ला सगळं काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आजी म्हणायची, वारली मुलं शाळेत यायची नाहीत कारण धाकटं भावंड कडेवर आणि समोर गुरं. तर शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. आणि गुरं चारणाऱ्यांसाठी कुरणशाळा, म्हणजे ताईच कुरणात जाऊन बसायच्या. आजीला या कुरणशाळेचं फार होतं. "मुलाला हाक मारायची नाही, मूल असेल तिथे आपण जायचं" हे वाक्य आम्ही लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की आता मी मुलीला जेवायला हाक मारताना थबकते.

गुजरातेत बालशिक्षण रुजवणारे गिजुभाई बधेका आधी वकील होते हे आजीनेच सांगितलेलं. मुलगा झाल्यावर त्याला कसं शिकवायचं म्हणून वाचायला लागले, आणि कोर्ट सुटलं ते सुटलंच. १९२० ला भावनगरला बालमंदिर काढलं. माँटेसरीबाई तर डॉक्टर. म्हणजे रानजाई, मोठमोठे लोकही या कामात दुसरीकडूनच आलेत बघ.
कुकर झाला, नंतर लिहिते.

सुतारपक्षी
मी दादा आहे. वर्गात एकटाच पुरुष.
वडिलांचं सुतारकाम. एका बालमंदिराने गुलाबी मनोऱ्याची (माँटेसरीच्या खेळसाहित्यातला) ऑर्डर दिली. दहा ठोकळे, सगळ्यात मोठा १० सेंमी, सगळ्यात छोटा १ सेंमी, मध्ये एकेक सेंमीचा फरक. मला वाटलं दोन तासांचं काम. बाईंनी सगळे परत पाठवले. म्हणाल्या, चौथा आणि पाचवा हातात घेऊन डोळे मिटा, फरक कळतोय का? मिटले. कळत नव्हता. माझा पाचवा दोन-तीन मिलिमीटर कमी भरत होता. मग दट्ट्यांच्या पेट्या आल्या, त्यात दहा भोकं नि दहा दट्टे, एकही सैल चालत नाही कारण चूक मुलाला लाकडानेच सांगायची असते, ताईंनी नाही. हे ऐकलं तेव्हा मी रंधा खाली ठेवला. खरंच ठेवला. मुलं ते कसं वापरतात बघायला जायला लागलो, मागे भिंतीला टेकून बसायचो. दोन वर्षांनी कोर्स केला. सुरुवातीला काही पालकांना पुरुष नको होता. त्यांच्या काळजीचा मला राग नाही. रोज दार उघडं ठेवून काम केलं, हळूहळू त्यांचा जीव भांड्यात पडला.
एक सेंमीचा ठोकळा मात्र सगळीकडे हरवतो. मी वर्षाला वीस-पंचवीस जास्तीचे करून ठेवतो.

दुपारचाचहा
सुतारपक्षी, आमच्याकडे तो ठोकळा कुणाच्या तरी खिशातून घरी जातो नि सोमवारी आई धुतलेला आणून देते 😄

मीठभाकर
"चूक लाकडाने सांगायची" हे मी लिहून ठेवलं.

दुपारचाचहा
बरं विषय निघालाच आहे तर, लेक नोव्हेंबरात ३ पूर्ण होतेय, नर्सरीला यंदा चालेल का? कुणी म्हणतं थांब.

मीठभाकर
महाराष्ट्रात ३१ डिसेंबरला ३ पूर्ण झालेली चालतात. पण चालतं म्हणून घालायलाच हवं असं नाही. शी-शू सांगते का, तुझ्यावाचून तासभर राहते का ते बघ.

सांजवात
मी वाचा-श्रवण उपचारांची. आता जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात लहान मुलांबरोबर काम करते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ ला पालघरहून सुरू झाला, त्यातली ही केंद्रं. आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासायला जातं, काही सापडलं की मूल आमच्याकडे येतं.

पण मला एका सेविकेबद्दल लिहायचंय. शिवणकाम करत होत्या आधी, ब्लाउज शिवायच्या. तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या, आई सोबत. घरचे म्हणत होते हट्टी आहे, मोबाईलमुळे बोलत नाही, दोन ठिकाणी दाखवून झालेलं. या म्हणाल्या, "मॅडम, ताट फरशीवर आपटलं की हा बघतो. पाठीमागून हाक मारली की बघत नाही. ताटली चटईवर आपटली तरी बघत नाही." म्हणजे त्याला आवाज जात नव्हता, फरशीचा हादरा पायाला कळत होता. चटईचा प्रयोग बाईंनी स्वतःच्या डोक्याने केलेला. तपासलं, दोन्ही कान जवळजवळ बंद. मी हे चार वर्षं कॉलेजात शिकले. त्यांना विचारलं कसं सुचलं, तर म्हणाल्या, "मशीनवर बसून सवय आहे, धागा कुठे अडकला ते आवाजाआधी पायाला कळतं."
आता त्याला यंत्र आहे, शब्द येतायत.

रानजाई
सांजवात 🙏 हे आत्ता मावशीला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं.

मीठभाकर
आणि अशा बाईंना पगार नाही, मानधन. शब्दातच खोट आहे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला ३३ प्रकल्पांत अंगणवाडीची ही योजना सुरू झाली, इतकी वर्षं झाली तरी त्या मानसेवीच. ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे २०२२ ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. डिसेंबर २०२३ च्या संपात माझी जाऊबाई होती, थंडीत आझाद मैदानावर. वजन, उंची, आहार, गृहभेटी, वर मोबाईलवर नोंदी, आणि त्यातून उरलेल्या वेळात मुलं. मला याचा मनापासून राग येतो, सॉरी विषय सोडून लिहिलं.

कोपऱ्यातलंघर
विषय सोडून नाहीच.

दुपारचाचहा
सुकडी आठवते का कुणाला? बालवाडीत हातावर मिळायची ती. कृती आहे का कुणाकडे?

मीठभाकर
गव्हाचं पीठ तुपावर खमंग भाजायचं, गॅस बंद करून गूळ. ताटात थापायची. वेलची नको, ती घरच्या वड्यांना. सुकडीला भाजलेल्या पिठाचाच वास हवा.

दक्षिणगोलार्ध
मेलबर्नहून. पुण्यात १२ वर्षं बँकेत होते, कर्जविभाग. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलो, माझ्या अनुभवाला कुणी विचारेना. शेजारणीने सांगितलं, अर्ली चाइल्डहूडचा डिप्लोमा कर. तेव्हा वाटलं हातात काहीतरी हवं म्हणून करतेय. आता सात वर्षं झाली, परत बँकेत जायचं मनातही येत नाही. इथे तीन वर्षांखालच्या ४ मुलांमागे एक शिक्षिका असावीच लागते, मोठ्या ११ मागे एक. मोजून. एक मूल जास्त झालं तर माणूस येईपर्यंत दार उघडत नाही. पहिल्या आठवड्यात मला हा काटेकोरपणा बँकेच्या तिजोरीसारखा वाटला, दोन किल्ल्या असल्याशिवाय उघडायचीच नाही.

गेल्या वर्षी एक मुलगा आला, अडीच वर्षांचा. सकाळभर एका कोपऱ्यात उभा, कुणाशी बोलेना, खाईना. माझी सहकारी घाबरली. मी दुसऱ्या खोलीत होते. जेवणाच्या वेळी बाजूने गेले तर तो अगदी बारीक आवाजात म्हणत होता, "शू आली. शू आली." किती वेळ म्हणत होता कोण जाणे. उचलून धावले. परत येताना मानेला घट्ट धरून बसला आणि म्हणाला, "तू आजी आहेस?" मी ४१ वर्षांची आहे हो. पण हो म्हणाले.

सुतारपक्षी
❤️

रानजाई
मावशी विचारतेय, त्याला आता शू आल्याचं इंग्रजीत सांगता येतं का?

दक्षिणगोलार्ध
येतं. इतर ताईंना इंग्रजीत सांगतो. मला मात्र अजून मराठीतच, कानाशी येऊन.