कराटे म्हणजे डान्स म्हणे!

कोथरूडचा_काता :
कालची पोस्ट वाचली. "कराटे म्हणजे हवेत हातवारे, मुलांना बीजेजेच (ब्राझिलियन जिउ-जित्सू, खाली पाडून जखडायचा प्रकार) लावा, बाकी पैसे पाण्यात." पॉडकास्ट ऐकून लोक सर्टिफिकेटं वाटायला लागलेत. अहो, बीजेजे आलं कुठून? ज्युदो काढणाऱ्या जपानच्या कानोंकडून. त्यांच्या कोडोकान या ज्युदो शाळेचा माएदा ब्राझीलला गेला, त्याने तिथल्या ग्रेसी घराण्याला शिकवलं, त्यांनी त्याचं बीजेजे केलं. आणि कराटे काय एकच आहे का? शोतोकान स्टाइलमध्ये कंट्रोल ठेवून मारायचं, क्योकुशिन स्टाइलमध्ये छातीवर बिनग्लोव्हजच्या मुठीने, मांडीवर लाथांनी दणादण. कॉलेजात क्योकुशिन केलंय मी, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. स्टाइलचं नंतर बघा हो, आधी क्लासला जाऊन बघा पोरं एकमेकांशी खरंच भिडतात की नुसते काते, म्हणजे हवेतले ठरलेले डाव, चालतात.

मॅटवाला :
क्योकुशिनमध्ये तोंडावर बुक्की चालत नाही हे सोयीस्कर विसरलात. स्वारगेटला समोरचा काय बरगडीच शोधणार आहे का? आणि टोकियो ऑलिंपिकची ती फायनल आठवा. सौदीच्या पोराने डोक्यात किक घातली, इराणचा गडी बेशुद्ध, आणि गोल्ड त्या बेशुद्धाला! का, तर किक कंट्रोलमध्ये नव्हती. पॅरिसला तर कराटे नव्हतंच.

कोथरूडचा_काता :
आणि तुमचं बीजेजे कुठल्या ऑलिंपिकात होतं म्हणे?

लालमाती :
चालू द्या तुमचं जपान-ब्राझील. खाशाबांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं तेव्हा कमरेला कुठला रंगीत पट्टा होता? इथे पेठेपेठेत तालमी आहेत, पण आमच्या लोकांना एसी हॉल पाहिजे, आणि पोराने लंगोट लावला की आईचं तोंड वाकडं.

सिंहगडरोड_आई :
तोंड वाकडं नाही दादा. मुलीला घेऊन गेले होते, "ताई, इथे मुली नसतात" म्हणून दारातूनच परत. शेवटी ज्युदो लावलं.

लालमाती :
२०२३ पासून महिला महाराष्ट्र केसरी आहे की.

सिंहगडरोड_आई :
ती पहिली सांगलीला झाली. मी माझ्या घराजवळचं विचारतेय.

लालमाती :
बरं, तेवढं खरंय. पण ज्युदोत आता पाय धरायलाच बंदी, अर्धी कुस्ती तिथेच गेली.

बिबवेवाडी_बाप :
तुम्ही स्टाइलवर भांडा, मला कोणी बेल्टचं सांगा. आमचं रत्न चौथीत, कराटेत ब्राऊन बेल्ट, म्हणजे ब्लॅकच्या अलीकडचा, आणि वर्गातल्या पोराने ढकललं तर रडत घरी. दर तीन महिन्यांनी परीक्षा, फी वेगळी, बेल्टचे वेगळे, सर्टिफिकेटचे वेगळे. वर "नॅशनल" म्हणून मंगल कार्यालयात स्पर्धा, गेला त्याला मेडल, बाहेर पालकांना वडापाव. तसलंच थोरलीचं मेडल घेऊन तिच्या दहावीच्या ग्रेस मार्कांसाठी शाळेत गेलो तर म्हणे संघटनेला मान्यताच नाही!

मॅटवाला :
म्हणूनच सांगतोय. आमच्या बीजेजेत सोळाच्या आत ब्लू बेल्टसुद्धा, म्हणजे मोठ्यांचा पांढऱ्यानंतरचा पहिलाच, देत नाहीत.

कोथरूडचा_काता :
आणि मुलांचे राखाडी, पिवळा, नारिंगी, हिरवा हे काय राखीचे धागे आहेत? वर पट्ट्या वेगळ्या. बेल्टची भानगड मुळात ज्युदोची, कराटेने नंतर उचलली.

पेठेतला_स्पष्टवक्ता :
ग्रेस मार्कांसाठी मुलांना मारामारी शिकवणारी ही पहिली पिढी असावी.

बिबवेवाडी_बाप :
तुमची मुलं अमेरिकेत सेटल असतील, तुम्हाला काय जातंय बोलायला.

सिंहगडरोड_आई :
भांडू नका. दादा, प्रवेश घ्यायच्या आधीच विचारायचं, संघटना मान्यताप्राप्त आहे का, आणि शालेय स्पर्धेत कुठल्या वजनगटात उतरवणार. सर नीट उत्तर देत नसतील तर उठून यायचं. मी तशीच उठले होते एका ठिकाणाहून.

बिबवेवाडी_बाप :
ताई, मग गेल्या वर्षीचे पैसे परत मागता येतील का?

मॅटवाला :
काता, एवढी छाती असेल तर रविवारी मॅटवर या.

कोथरूडचा_काता :
येतो. खाली पडायच्या आधी तुम्हाला दोन तरी बसतील, तेवढे मोजा.

मॅटवाला :
दोन देतो तुम्हाला, त्यानंतर हार मानायला हाताने टॅप करायचं विसरू नका.

बिबवेवाडी_बाप :
अहो, पैशांचं कोणी सांगेल का? पावती आहे माझ्याकडे.